स्टिकरवरचं कुंकू

आमच्या कंप्युटरवर दोन नावं होती. सुरू केला की निळ्या पडद्यावर एकाखाली एक यायची, वर माझं, खाली बायकोचं. माझ्या नावाशेजारी फुटबॉलचं चित्र, तिच्या नावाशेजारी पिवळ्या बदकाचं. ती पौषात गेली. त्यानंतर मी रोज सकाळी चहाच्या आधी कंप्युटर लावायचो, ती दोन नावं पाहायचो आणि बंद करून टाकायचो. तिच्या नावावर कधी क्लिक केलं नाही. हिंमतच झाली नाही म्हणा. रेशनकार्डावरून तिचं नाव निघालं, पासबुकावरून निघालं, मतदारयादीतून निघालं, आणि प्रत्येक ठिकाणी अर्ज मीच नेऊन दिला. आम्ही दोघं अजून एकत्र होतो अशी हीच एक जागा उरली होती.

वैशाखात ती जागाही गेली. त्या उन्हाळ्यात उमरखेडला लाइट असायची कमी आणि नसायची जास्त. एका दुपारी आली ती दणक्यातच आली. पंखा भणाणला, बल्ब पांढराफटक पडला आणि कंप्युटरच्या डब्यातून चट्ट आवाज होऊन जळका वास सुटला. "गेलं रे बाप्पा!" मी ओरडलो. मग लक्षात आलं, घरात ऐकायला कोणी नाही. तरी आणखी दोन शिव्या घातल्या लाइटवाल्यांना, आणि वायर काढून बसलो.

डबा मांडीवर घेऊन ऑटोनं स्टँडजवळच्या मेकॅनिककडे गेलो. चाळिशीचा माणूस, कपाळावर कायम एक चष्मा चढवलेला. त्यानं डबा उघडला आणि नाकानंच निदान केलं.

"मदरबोर्ड उडाला, काकाजी. मेमरी भी गेली. हार्ड डिस्क वाचली, नशीब समजा. सारं त्याच्यातच राह्यते."

"मंग बोर्ड टाक ना दुसरा. वाट कोणाची पाहून राह्यला?"

"हा बोर्ड आता येतच नाही. वेगळा टाका लागन. नांदेडहून मागवतो."

नांदेडहून बोर्ड यायला दोन दिवस लागले. बसवला, पण कंप्युटर काही उठेना. अर्ध्यात यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. मेकॅनिक म्हणाला, जुन्या सिस्टीमला नवा बोर्ड ओळखू येऊन नाही राह्यला. मग चष्मा डोळ्यांवर घेऊन त्यानं फळीवरची एक सीडी काढली.

"फॉरमॅट मारून देतो. साऱ्या गावाले हेच सीडी टाकतो मी. अर्ध्या घंट्यात कोरा कंप्युटर."

"कोरा म्हणजे?"

"म्हणजे आतलं सारं साफ."

"ते सुरुवातीले नावं येतात ते?"

"ते भी जातीन. नवीन टाकून घेजा ना. नाव टाकाले किती टाइम लागते?"

माझं डोकंच सटकलं. मी तापट माणूस आहे, लपवून काय उपयोग. "ठेव तुही सीडी तुह्याजवळ!" मी म्हणालो. "माह्या घरात डुप्लिकेट माल चालत नाही!" शेजारच्या रसवंतीवरची माणसं गिलास हातात धरून बघायला लागली. मेकॅनिकला वाटलं, म्हातारा ओरिजिनलसाठी हटून बसला. मीही त्याला तसंच वाटू दिलं. मेलेल्या बायकोचं पिवळं बदक जाईल म्हणून रडायला येतंय, हे भर स्टँडवर कसं सांगणार? आणि मी टाकलेलं नाव तिचं कसं होईल? ते तिनं एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, स्वतः टाकलं होतं. आडनाव लावलं नव्हतं आणि शेवटी उगीच एक टिंब दिलं होतं.

पण ओरिजिनलचा हट्टही खोटा नव्हता. मी उभा जन्म कापसाच्या सरकारी खरेदी केंद्रावर ग्रेडर होतो. गाडीतला कापूस मुठीत घ्यायचा, चिमटीत धागा ओढून लांबी बघायची, ओल बघायची आणि प्रत सांगायची, एवढंच माझं काम. पाणी मारलेला माल मी बोटांनी ओळखायचो. कित्येकांनी मला तोंडावर बोल लावले, पण खोट्याला खरं मी कधी म्हटलं नाही. संध्याकाळी घरी आलो की ती माझा खिसा उलटा करायची. दिवसभर चिमटीत ओढून खिशात टाकलेला कापूस त्यातून निघायचा आणि त्याच्या ती वाती करायची. पुढे कापसाचे वाईट दिवस आले, केंद्रावरच्या गाड्या कमी कमी होत गेल्या आणि एका हंगामात केंद्र उघडलंच नाही. आम्हाला घरी बसवलं. जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायला लागलं, आणि चांगल्या कारणानं नाही. मी पेपर वाचायचो आणि रिकामी बोटं एकमेकांवर घासत बसायचो. तेव्हा मी कंप्युटर घेतला आणि सिस्टीम ओरिजिनल घेतली. सगळ्यांनी येड्यात काढलं.

घेतला तो मात्र तिच्यासाठी. खरं सांगायचं तर माझी पत्त्यांपासून सुटका व्हावी म्हणून. तिचं माहेर फुलसावंगीचं, आणि त्या घरात पत्त्यांचं भारी वेड. गणपतीत दहा दिवस चटईवरून उठायचे नाहीत. लग्न होऊन इथं आली तर घरात दोनच माणसं, आणि पुढेही दोनचीच राहिली. मूलबाळ झालं नाही. "अहो, दोघांतही होते ना रमी, बसा ना," ती म्हणायची. मी केंद्रावरून कान किटवून यायचो. "मले येळ नाही अन् येतही नाही," म्हणून तिला उडवून लावायचो. केंद्र बंद झाल्यावर वेळच वेळ होता, पण सवय अशी लागली होती की तेव्हाही नाहीच म्हणालो. कंप्युटर आणून दिला आणि म्हणालो, घे, एकटीनं खेळायचे पत्ते असतात यात, खेळ आता किती खेळायचं ते.

आणि ती खेळली. सहा वर्षं, रोज दुपारी, जेवणं झाल्यावर. पत्त्यांच्या पाठीवर तिनं नारळाच्या झाडांचं चित्र निवडलं होतं. त्या चित्रात वर सूर्य होता, आणि तो मधूनच जीभ काढायचा. पहिल्यांदा दिसलं तेव्हा ती किती हसली! "अहो, या ना इकडे, हा पाहा, तुमालेच वाकुल्या दाखवून राह्यला!" मी खाटेवरूनच हं म्हटलं. कूस बदलली आणि झोपलो.

तर मेकॅनिक. त्यानं सीडी परत फळीवर ठेवली आणि म्हणाला, "ओरिजिनल असन तर मंग रिपेअर होते. जुनं सारं जागच्या जागी राह्यते. पण त्याले तुमच्या लायसनचा नंबर लागन, पंचवीस अक्षरं. डब्यावर स्टिकर असते, त्याच्यावर छापेल राह्यते."

त्यानं डबा आडवा केला, वाकला आणि तसाच राहिला.

"हे काय व्हय, काकाजी?"

"कुंकू."

पहिल्या दसऱ्याला सगळ्या हत्यारांची पूजा झाली. विळी झाली, शिलाई मशीन झालं, माझी स्कूटर झाली. मग ती ताट घेऊन कंप्युटरपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "याले तोंड कोठी हाये?" मी म्हटलं, मला काय माहीत. कंप्युटर आणून देणारा माणूस जाताना तिला बजावून गेला होता की वहिनी, या स्टिकरले जपजा, यातच सारं हाये. तिनं जपलं. दर दसऱ्याला पाण्यात कालवलेलं हळदकुंकू नेमकं त्या स्टिकरवर लावलं. दिवाळीच्या साफसफाईत ओलं फडकं फिरायचं, थोडं निघायचं, बाकीचं पसरायचं. पुढच्या दसऱ्याला पुन्हा वरून नवं. असे सहा दसरे झाले. शेवटच्या दसऱ्याला तिला उभंच राहवेना. मी स्टूल दिलं. बोट लावलं तर हात घसरला आणि कुंकवाचा लांब ओघळ अक्षरांवरून आडवा गेला. "जाऊ द्या, देवाले समजते," ती म्हणाली. ओघळ जिथून निघाला होता तिथे बोटाचा ठसा उमटला होता. गोल रेघांसकट. तिच्या आजारपणात आणि नंतरही मी त्याला फडकं लावलं नाही.

पहिली आठ-दहा अक्षरं दिसत होती. बाकी सगळी त्या लालीखाली.

मेकॅनिकनं बाटलीतलं थिनर चिंधीवर ओतलं. मी त्याचं मनगटच धरलं.

"हात लावू नको!"

"काकाजी, पुसल्याबिगर दिसन कसं? एखादं अक्षर असतं तर अंदाजानं मारून पाह्यलं असतं. हे पंधरा हायेत."

मी डबा उचलला, पुन्हा ऑटोत बसलो, घरी आलो. डबा तिच्या स्टुलावर ठेवला.

दोन दिवस तो तिथेच होता. अक्षरं पाहिजेत तर तिचं बोट पुसायचं, आणि बोट ठेवायचं तर तिचं नाव जाणार. दोन्ही ठेवता येत नव्हतं. मी बॅटरी मारून पाहिली, भिंग लावून पाहिलं, डबा उन्हात नेऊन तिरका धरला. काही नाही. नुसत्या चिमटीनं कापसाची प्रत सांगणारा मी, मला माझ्याच घरातलं एक अक्षर वाचता येईना. जेवायला बसलो की समोर डबा. भात शिजवलेला तसाच राहायचा. विचारायचं कोणाला? एरवी आमचे निर्णय भांडणातून व्हायचे. मी एक म्हणायचो, ती दुसरं, तासभर धुसफूस चालायची आणि शेवटी तिच्या मनासारखं व्हायचं. आता भांडायलाही कोणी नव्हतं. एकटेपणा म्हणजे काय, ते मला तिच्या तेराव्याला कळलं नव्हतं, त्या दोन दिवसांत कळलं.

तिसऱ्या दिवशी मी मोठ्यानं तिची बाजू मांडून पाहिली. रिकाम्या घरात, तिच्या चालीत. "काहून असे करून राह्यले तुम्ही? कुंकू काय, दसऱ्याले पुन्हा लावता येते. नंबर लिहून घ्या न् मोकळे व्हा." ती हेच म्हणाली असती. ती माझ्यासारखी नव्हती, वस्तूंना चिकटून बसायची नाही. पण दसऱ्याला पुन्हा लावणार कोण, हे काही तिनं सांगितलं नाही.

देवघरातल्या डब्यात माझ्या खिशातल्या कापसाच्या थोड्या वाती राहिल्या होत्या. विकतची वात लवकर विझते म्हणून सणासुदीला राखून ठेवलेल्या. त्यातली एक घेतली. थिनरनं शाई गेली असती. ती कपड्यावरचं कुंकू आधी खोबरेल तेल लावून सोडवायची, ते मी पाहिलं होतं. वात तेलात बुडवली आणि ओघळाच्या टोकाकडून सुरुवात केली. घासलं नाही. नुसतं टेकवायचं आणि उचलायचं. अक्षरं वर येत गेली. एक लिहायचं, मग पुढचं. ठसा शेवटी ठेवला. त्याच्याखाली तीन अक्षरं होती. रेघा एकेक करून वातीवर आल्या आणि मी हमसून हमसून रडलो. तिला नेलं तेव्हा चार लोकांत रडलो होतो, पण ते वेगळं होतं. मग डोळे पुसून ती तीन अक्षरं लिहिली. चुकू नये म्हणून पंचवीसच्या पंचवीस वहीत तीनदा उतरवली. वात लाल झाली होती. संध्याकाळी तीच निरांजनात लावली, वाया गेलेली तिला चालली नसती.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं नंबर टाकला. तो लागला. तासाभरानं निळा पडदा आला आणि त्यावर दोन नावं. वर फुटबॉल, खाली बदक. "राम राम," मी पडद्याला म्हणालो. मेकॅनिकनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पण माझ्या नावावर क्लिक केलं तर मधेच पाटी. कंप्युटरचे भाग बदलले आहेत, तीन दिवसांत परवानगी पुन्हा चालू करून घ्या, नाहीतर आत जाता येणार नाही.

"आता हे काय नवीन?"

"कंपनीले वाटून राह्यलं का तुम्ही तेच सीडी दुसऱ्या कंप्युटरात टाकली. फोन करा लागन. पाटीवर लंबा नंबर येईन, तो त्याइले सांगजा. ते दुसरा नंबर देतीन. तो टाकला का झालं."

घरी आणून डबा जोडला आणि दुपारी फोन लावला. आधी मशीनचा आवाज. सहा-सहा आकड्यांचे नऊ गट फोनची बटणं दाबून टाकायचे. टाकले. मशीन म्हणालं, तपासता आलं नाही, लाइनवर थांबा. बराच वेळ बाजा वाजत राहिला. मी रिसीव्हर कानाला लावून पाटीमागच्या दोन नावांकडे बघत बसलो. मग एका मुलीचा आवाज आला, हिंदीत.

"सर, ये कंप्यूटर नया है?"

"नहीं, पुराना ही है. अंदर का बोर्ड नया है."

"बोर्ड क्यों बदला, सर?"

"जल गया. हमारे यहां लाइट का कोई भरोसा नहीं."

"ये सिस्टम कितने कंप्यूटर पर डाला है आपने?"

"एक. घर में एक ही है."

"बोर्ड के अलावा और क्या-क्या बदला है?"

तिचा प्रश्न यंत्राबद्दलच होता, हे मला कळत होतं. बिचारी कागदावरचे प्रश्न विचारत होती.

"मेमरी बदली," मी म्हणालो. आणि मग तोंडातून गेलंच, "और मेरी घरवाली गुजर गई. ये उसी का था."

पलीकडे मागं दुसऱ्या मुलींचे आवाज येत होते, दुसऱ्यांना विचारलेले तेच प्रश्न. मला वाटलं, फोन ठेवते आता ही.

"कागज-पेन है, सर?" ती म्हणाली. आवाज खाली आला होता. "मैं धीरे-धीरे बोलती हूं. आप हर बार मुझे वापस बोलकर सुनाइए."

सात गट होते. ती सहा आकडे सांगायची, मी लिहायचो, परत म्हणून दाखवायचो, ती म्हणायची, बराबर. पौषापासून इतका वेळ माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. दूधवाला दूध घालून जायचा, शेजारी काय चाललं विचारून उत्तराच्या आत पुढे जायचे. इथे ही मुलगी, कुठल्या गावात बसली होती देव जाणे, मी म्हटलेला एकेक आकडा ऐकून घेत होती. पाचवा गट मी नीट लिहिला होता. तरी म्हणालो, "ये वाला फिर से बोलना, बेटा." तिनं पुन्हा सांगितला. मी पुन्हा म्हणून दाखवला. ती पुन्हा बराबर म्हणाली. यात मला लाज वाटत नाही.

सातही गट पाटीत टाकले. पाटी गेली. "हो गया," मी म्हणालो.

"और कोई मदद, सर?"

"नहीं," मी म्हटलं. तिनं नमस्ते केलं आणि फोन बंद झाला.

घर पुन्हा गप्प. पडद्यावर दोन नावं. आता कसलीच आडकाठी नव्हती, बोर्ड नव्हता, नंबर नव्हता, कंपनी नव्हती. इतका आटापिटा केला तो ज्या नावासाठी, त्याच्यावर क्लिक करायला मी भीत होतो. शेवटी केलं. तिचा पडदा उघडला. कोपऱ्यात एकच चित्र होतं, पत्त्यांचं. तेही उघडलं. पत्ते सात ढिगांत वाटले गेले, आणि उलट्या पत्त्यांवर नारळाची झाडं.

मी माउस धरला. कुठला पत्ता कशावर जातो? लालवर काळा जातो की लालवर लाल? एक उचलला, तो परत जागेवर जाऊन बसला. दुसरा उचलला, तोही. सहा वर्षं माझ्यापासून पाच हातांवर ती हे खेळत होती आणि मला त्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. नाव मी वाचवलं, आणि त्या नावाची बाई रोज दुपारी काय करत होती तेच मला येत नव्हतं. मी उठून स्टूल आणलं. खुर्चीच्या शेजारी ठेवलं. पुन्हा खुर्चीत बसलो.

"शिकव ना वं मले," मी म्हणालो.

एवढंच तर म्हणायचं होतं. ती होती तेव्हा म्हणायला माझं काय जात होतं? मी वाट पाहत बसलो. कुठलाच पत्ता हलला नाही. बऱ्याच वेळानं वरच्या कोपऱ्यातल्या सूर्यानं जीभ काढली आणि आत घेतली.